घरचा संगणक व न बोलाविलेले पाहुणे

एकत्र कुटुंबांत कोणतें काम कोणाकडे, याचा ठराव कोणी मांडीत नाहीं. देवघराच्या किल्ल्या एकीच्या कमरेस असतात, कोठीच्या दुसरीच्या. पंपाची कळ कोणी दाबावयाची, दूधवाल्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा, हें सर्व वहिवाटीनें ठरून गेलेलें असतें. संगणकाची गोष्ट मात्र निराळी आहे. हें यंत्र आपल्या घरांतून येऊन वीस-पंचवीस वर्षें झालीं, तरी त्याचा धनी कोण, हें पुष्कळ ठिकाणीं अद्याप ठरलेलें नाहीं. सकाळीं आजोबा त्यावर निवृत्तिवेतन जमा झालें कीं नाहीं तें पाहतात. दुपारीं सूनबाई विजेचें बिल भरतात. संध्याकाळीं नातवंडें अभ्यासाच्या नांवाखालीं बसतात आणि अभ्यासाखेरीज इतर पुष्कळ कांहीं करतात. रात्रीं मुलगा कचेरींतून आणलेलें काम संपवितो. यंत्र सर्वांचें, म्हणून त्याची राखण कोणाचीच नाहीं, अशी स्थिति आहे.

आणि त्या यंत्राच्या पोटांत काय काय असतें? शेताचे सात-बारा उतारे, मुलांच्या कुंडल्या, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें, वडिलांच्या हस्तलिखित वह्यांच्या प्रती, बँकेच्या खात्याचे परवलीचे शब्द. पूर्वीं इतकें धन न्यावयाचें तर चोराला भिंत फोडावी लागे. आतां त्याला मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील आमच्या लासूर स्टेशनापर्यंत येण्याचेंहि कारण उरलेलें नाहीं. आमचा गांव कापसाचा आणि कांद्याचा. मोंढ्यांतील आडत्यापासून शाळेंतील पोरापर्यंत सर्वांच्या हातीं आज कोणतें ना कोणतें यंत्र आहे, आणि चोराच्या दृष्टीनें लासूर काय आणि लंडन काय, दोन्ही सारख्याच अंतरावर आहेत.

ज्या उपद्रवास इंग्रजींत 'व्हायरस' म्हणतात त्याला आपण 'विषाणु' म्हणतों, हा शब्द फार चांगला पडला आहे. लॅटिन भाषेंत 'व्हायरस' याचा अर्थ विष. आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मतें तो शब्द व आपला 'विष' हा संस्कृत शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत. संगणकाच्या संबंधांत हें नांव रूढ झालें तें १९८३ च्या सुमारास. अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांत फ्रेड कोहेन नांवाच्या विद्यार्थ्यानें आपलीच प्रत दुसऱ्या कार्यक्रमांत घुसविणारा एक लहानसा कार्यक्रम लिहून दाखविला, आणि त्याचे गुरु लिओनार्ड एडलमन यांनीं त्याला हें नांव सुचविलें. विषाणु हा काहीं जीव नव्हे. तो मनुष्यानेंच लिहिलेल्या आज्ञांचा संच असतो. भेद एवढाच कीं, त्या आज्ञा आपल्या नकळत पाळल्या जातात आणि त्यांतील पहिली आज्ञा 'माझी आणखी एक प्रत कर' अशी असते.

घरगुती संगणकांतून जगभर पसरलेला आरंभींचा एक प्रसिद्ध विषाणु आपल्या शेजारींच जन्मला. १९८६ सालीं लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या दोघां भावांनीं तो लिहिला. 'ब्रेन' हें त्याचें नांव. आपण लिहिलेलें वैद्यकीय सॉफ्टवेअर लोक फुकट उतरवून घेतात, त्यांस पकडावें, एवढाच आपला हेतु होता असें त्यांचें म्हणणें. आणि नवलाची गोष्ट ही कीं, त्या विषाणूंत त्यांनीं आपलें नांव, पत्ता व टेलिफोनचा क्रमांक घातलेला होता! चोरानें दारावर आपली पाटी लावून जावें असा तो काळ. संगणक सुरू होतांना तबकडीचा पहिला भाग प्रथम वाचतो, तेथेंच हा विषाणु ठाण मांडून बसे. त्यामुळें यंत्र जागें होण्याच्या आधीं तो जागा झालेला असे, आणि पुढें त्या यंत्रांत जी तबकडी घालावी तिला त्याची बाधा होई.

याच तऱ्हेचे विषाणु पुढें तीन-चार वर्षांत आपल्या पुण्यास येऊन पोहोंचले, आणि तेथें जें घडलें तें महाराष्ट्रीयांनीं अभिमानानें सांगावें असें आहे. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर हे दहावीपर्यंत शिकून पुण्यांत गणकयंत्रें, म्हणजे कॅल्क्युलेटर, दुरुस्त करण्याच्या एका दुकानांत नोकरीस लागले. पगार महिना सुमारें चारशें रुपये. मॅट्रिकपलीकडे आमचीहि मजल गेली नसल्यानें या गृहस्थांविषयीं आम्हांस विशेष आपुलकी वाटते, हें वाचकांनीं समजून घ्यावें. काम शिकून त्यांनीं स्वतःचें दुरुस्तीचें दुकान थाटलें, आणि गणकयंत्रांच्या पाठोपाठ संगणक दुरुस्तीस येऊं लागले. धाकटे बंधु संजय यांस त्यांनीं मॉडर्न कॉलेजांत संगणकशास्त्र शिकावयास घातलें. दुकानांत येणाऱ्या यंत्रांपैकीं पुष्कळांचा रोग तारांचा किंवा सुट्या भागांचा नसून विषाणूंचा आहे, असें या बंधूंच्या ध्यानांत आलें. त्या दिवसांत 'मायकेलअँजेलो' नांवाच्या विषाणूची मोठी दहशत होती. १९९१ सालीं तो प्रथम आढळला. वर्षभर तो मुकाट्यानें पडून राही आणि ६ मार्चला, म्हणजे त्या इटालियन शिल्पकाराच्या जन्मदिवशीं, तबकडीवरील मजकूर पुसून टाकी. अशा एकेका विषाणूवर संजय काटकरांनीं एकेक उतारा लिहिला. ते उतारे एकत्र करून १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' या नांवानें औषध बाजारांत आलें. मूळची 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' ही पेढी २००७ सालीं त्याच औषधाच्या नांवानें ओळखली जाऊं लागली, व २०१६ च्या फेब्रुवारींत तिचे शेअर बाजारांत आले. वडील भावानें दुकान सांभाळावें व धाकट्यास शिकवावें, आणि धाकट्यानें त्या शिकण्याचें चीज करावें, ही एकत्र कुटुंबाची जुनी रीत येथें यंत्रयुगांतहि फळास आली. ही त्या कंपनीची जाहिरात नव्हे. औषध कोणतें घ्यावें त्याचा विचार पुढें येईलच.

हें औषध काम कसें करतें, तें समजून घेतल्यावांचून त्याचा उपयोग नीट होत नाहीं. जुने कारकून जसे मोडी अक्षराच्या वळणावरून लिहिणाऱ्यास ओळखीत, तसें विषाणुरोधक सॉफ्टवेअर प्रत्येक फाइल चाळून ओळखीच्या विषाणूंचीं वळणें तींत आहेत कीं काय तें पाहतें. वळणांची यादी मात्र रोजच्या रोज वाढत असते. यादी जुनी झाली कीं पहारेकरी जागा असून आंधळा होतो. म्हणून 'संगणकांत अँटिव्हायरस घातला आहे' या वाक्याला काहींच अर्थ नाहीं. 'त्याची यादी आज अद्ययावत झाली आहे काय?' हा खरा प्रश्न. त्याशिवाय, वळण अनोळखी असलें तरी वर्तन संशयास्पद आहे कीं काय, हेंहि अलीकडचीं सॉफ्टवेअरें पाहतात. एकादा कार्यक्रम अचानक शेंकडों फाइली भराभर बदलूं लागला, तर त्याचें नांव माहीत नसलें तरी हात धरावयास हरकत नसते.

आतां या शत्रूचे प्रकार. सर्वांना सरसकट 'व्हायरस' म्हणण्याची चाल आहे. परंतु शत्रु निराळा तसा बचावहि निराळा, म्हणून भेद करणें जरूर आहे.

इंग्रजींत ज्याला 'ट्रोजन' म्हणतात तो प्रकार ग्रीक लोकांच्या लांकडी घोड्यावरून ओळखला जातो. परंतु आपल्या महाभारतांत त्याहून नेमकें उदाहरण आहे. तक्षकाचें भय म्हणून परीक्षित राजानें एका खांबावर प्रासाद उभारला, भोंवतीं वैद्य व मांत्रिक बसविले, वाऱ्यालाहि सहज शिरकाव नाहीं असा बंदोबस्त केला. तक्षक गेला तो भिंत फोडून नव्हे. तपस्व्यांच्या वेषांतील नागांनीं आशीर्वाद म्हणून फळें आणिलीं, राजानें तीं आपल्या हातानें स्वीकारलीं, आणि त्यांतल्याच एका फळांत तो सूक्ष्म कीटक होऊन बसला होता. वाचकांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी: विषावर उतारा जाणणारा काश्यप वाटेंत भेटला असतां तक्षकानें त्यास द्रव्य देऊन परत पाठविला. आजहि ट्रोजन बहुधा ज्या मार्गानें येतो तो हाच. फुकट मिळालेलें महाग सॉफ्टवेअर हें फळ. आणि 'बसवितांना तुमचा अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करा' ही त्याबरोबर आलेली सूचना म्हणजे काश्यपाला वाटेंतून परत पाठविणें होय.

ही गोष्ट काल्पनिक नाहीं. एका परिचित कुटुंबांत चार-पांच वर्षांपूर्वीं छायाचित्रें नीटनेटकीं करण्याचें एक महागडें सॉफ्टवेअर तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानदारानें 'फुकट बसवून' दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं संगणक उघडला तों एकहि फाइल उघडेना. प्रत्येकीच्या नांवापुढें एक विचित्र शेंपूट जोडलेलें, आणि शेजारीं इंग्रजी चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, बहात्तर तासांच्या आंत संपर्क केलात तर निम्मे घेऊं. फाइली नाहींशा झालेल्या नसतात. त्यांना कुलूप लावलेलें असतें आणि किल्ली चोराजवळ असते. या जातीस खंडणीखोर विषाणु म्हणावें. त्या जातीच्या कुलपांपैकीं पुष्कळ जुन्या कुलपांच्या किल्ल्या 'एम्सिसॉफ्ट' नांवाच्या संस्थेनें २०१९ च्या ऑक्टोबरांत फुकट उपलब्ध केल्या होत्या. परंतु या घरांतलें कुलूप त्यानंतरचें निघालें. त्या घरांतील आजोबांच्या हस्तलिखित वह्या मूळ कागदावर असल्यानें त्यांच्या प्रती पुन्हां घेतां आल्या. थोरल्या नातवाच्या मुंजीचीं छायाचित्रें मात्र गेलीं तीं गेलीं. आणि त्या समारंभांत ज्यांनीं मातृभोजनाचें ताट वाढलें होतें त्या आजी पुढच्याच वर्षीं वारल्या. त्यांचें दुसरें अलीकडचें छायाचित्र त्या घरांत नाहीं.

'कृमि' हा दुसरा प्रकार. त्याला फळाचीहि जरूर लागत नाहीं. दार किलकिलें असलें कीं तो आपण होऊन आंत येतो. नलराजाच्या शरीरांत शिरण्यासाठीं कलि बारा वर्षें टपून बसला होता. एके दिवशीं नलानें पाय न धुतां संध्या केली, तेवढ्या छिद्रांतून तो शिरला. संगणकाच्या मूळ सॉफ्टवेअरांत अशीं छिद्रें सांपडत असतात, आणि तीं बुजविण्यासाठीं तें तयार करणारे लोक वेळोवेळीं ठिगळें पाठवितात. त्यांनाच आपण 'अपडेट' म्हणतों. १२ मे २०१७ रोजीं 'वॉनाक्राय' नांवाच्या कृमीनें थोड्याच दिवसांत सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांस कुलूप घातलें. इंग्लंडांतील इस्पितळांना रोगी परत पाठवावे लागले. त्या छिद्राचें ठिगळ मायक्रोसॉफ्टनें १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधीं, पाठविलें होतें! ज्यांनीं तें लावलें ते निश्चिंत झोंपले. त्याच वर्षीं २७ जूनला असाच दुसरा हल्ला झाला, तेव्हां मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरांतील एका धक्क्याचे संगणक बंद पडून मालाची चढउतार अडली. अपडेटची सूचना आली कीं 'नंतर पाहूं' म्हणून जी कळ दाबण्याची संवय आपणां सर्वांस लागली आहे, तिची किंमत ही अशी असते.

पैशांच्या मागें लागलेले चोर किती चिकाटीचे असतात, याचें उदाहरण पुण्याच्या कॉसमॉस बँकेचें. १९०६ सालीं स्थापन झालेली ही सहकारी बँक आपल्यापैकीं अनेक घरांच्या परिचयाची आहे. ऑगस्ट २०१८ मध्यें तिच्या यंत्रणेंत घुसविलेल्या विषाणूच्या साह्यानें चोरांनीं कार्डांवरील व्यवहारांना परस्पर मंजुरी मिळण्याची व्यवस्था केली. ११ तारखेस अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून थोड्या तासांत सुमारें बारा हजार वेळां पैसे काढले गेले, आणि १३ तारखेस आणखी रक्कम हाँगकाँगला वळविली गेली. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख रुपये. बँकेला पहारेकरी असतात, तज्ज्ञ असतात. तेथें हें होऊं शकतें, तर आपल्या बैठकीच्या खोलींतील संगणकाविषयीं निष्काळजी राहून कसें चालेल?

तिसरा प्रकार हेराचा, आणि आमच्या मतें घरगुती संगणकास खरें भय याचेंच अधिक. खंडणीखोर निदान आरडाओरड करतो. हेर मुळींच बोलत नाहीं. कौटिल्यानें गूढपुरुषांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत साधा गृहस्थ, व्यापारी, तापसी अशा वेषांत एका जागीं बसून राहणारे हेर आहेत. संगणकांतील हेर हुबेहूब तसाच असतो. तो हवामान सांगणारा, छायाचित्रें सुंदर करणारा, ब्राउझरला जोडलेला एकादा उपयोगी सेवक होऊन बसतो, आपलें कामहि चोख करतो, आणि आपण कळफलकावर दाबलेलें प्रत्येक अक्षर टिपून धन्याकडे पाठवितो. ब्राउझर 'परवलीचा शब्द लक्षांत ठेवूं काय?' असें विचारतो आणि आपण सोयीसाठीं 'होय' म्हणतों. हेर पहिल्यांदा हात घालतो तो त्याच डब्यांत. बँकेचा परवलीचा शब्द तेथें कधींहि ठेवूं नये. घरांतील कोणी ब्राउझरला कायकाय जोडलें आहे, हें महिन्यांतून एकदां पाहावें आणि ज्याचें प्रयोजन कोणासच सांगतां येत नाहीं त्याला घालवून द्यावें.

आतां बंदोबस्ताकडे वळूं. विंडोज १० व ११ या दोहोंबरोबर 'डिफेंडर' नांवाचा पहारेकरी मुळांतच येतो, आणि सामान्य घरास तो पुरेसा आहे असें आमचें मत आहे. मात्र तो चालू असला पाहिजे. वर्गणी भरून दुसरा घ्यावयाचा तर खुशाल घ्यावा, पण वर्गणीची मुदत संपली कीं तो तसाच शोभेला ठेवूं नये. दोन विषाणुरोधक एकाच वेळीं ठेवल्यानें दुप्पट रक्षण होतें ही समजूत चुकीची आहे. ते एकमेकांशींच झगडतात आणि यंत्र मंद होतें. विंडोज १० ला ठिगळें मिळण्याची मूळ मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. घरगुती गिऱ्हाइकांस नांव नोंदविल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढ देण्यांत आली. जुन्या यंत्रावर ११ चढत नसेल, तर लिनक्स ही फुकट व प्रामाणिकपणें मिळणारी प्रणाली चढते, तींत मराठीहि लिहितां येतें. चोरून घेतलेल्या विंडोजपेक्षां ती शतपट बरी. सुसंस्कृत घरांतून दुसऱ्याचें पुस्तक न विचारतां कोणी उचलीत नाहीं, पण सॉफ्टवेअर मात्र बेधडक उचलतात, हें कोडें आम्हांस अद्याप उलगडलेलें नाहीं.

सर्वांत दुर्लक्षित राहिलेला, आणि एक पैसाहि न लागणारा उपाय म्हणजे प्रत्येकाचें निराळें खातें. संगणकांत अधिकाऱ्याचें खातें एक असतें आणि साधीं खातीं पाहिजेत तितकीं करतां येतात. नवें सॉफ्टवेअर बसविण्याचा अधिकार फक्त अधिकाऱ्यास. तिजोरीची किल्ली जशी घरांत एकाकडे असते तसें हें खातें एका जबाबदार माणसाकडे असावें. आणि त्यानेंहि रोजचें काम आपल्या साध्या खात्यांतूनच करावें, कारण विषाणूला मिळणारा अधिकार बहुधा त्या वेळीं बसलेल्या माणसाच्या अधिकाराइतकाच असतो. हें माणूस वयानें वडीलच असावें असें नाहीं. पुष्कळ घरांत थोरली सून या कामास अधिक योग्य असते, आणि आजोबांनीं तिच्या परवानगीनें सॉफ्टवेअर घालण्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं.

आमच्यासारख्या गांवीं विषाणूचें मुख्य वाहन पेनड्राइव्ह हें आहे. दाखला काढावयाचा, अर्जाची प्रत छापावयाची, कीं पोरगा पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानांत धांवतो. दिवसांत पन्नास घरचे पेनड्राइव्ह ज्या यंत्रांत शिरतात त्याची अवस्था काय असेल, तें सांगावयास नको. घरीं येऊन पाहावें तों फोल्डर दिसत नाहींत, त्यांच्या जागीं छोट्या बाणाचें चिन्ह असलेल्या खोट्या पाट्या दिसतात. खरे फोल्डर लपविलेले असतात. त्या पाटीवर टिचकी मारली कीं विषाणु आधीं चालतो आणि मग फोल्डर उघडतो, म्हणून संशय येत नाहीं. येथें सोंवळ्याचा नियम उपयोगी पडतो: बाहेर जाणारा पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा, त्यावर छापावयाची तेवढीच फाइल न्यावी, परत आल्यावर आधीं तपासणी करून मगच उघडावा. घरच्या महत्त्वाच्या कागदांचा पेनड्राइव्ह उंबऱ्याबाहेर जाऊं देऊं नये.

फाइलीचें खरें आडनांव दिसूं लागेल अशी व्यवस्थाहि करून घ्यावी. मे २००० मध्यें मनिला येथून सुटलेलें 'आय लव्ह यू' हें प्रेमपत्र जगभर उघडलें गेलें, त्याचें एक कारण हेंच. फाइलीचें आडनांव 'व्हीबीएस', म्हणजे ती आज्ञांची यादी होती; परंतु विंडोज तें शेवटचें आडनांव लपवीत असे आणि आधींचें 'टीएक्सटी' हें साधें आडनांव तेवढें दिसे. ती संवय विंडोजला अजूनहि आहे. फाइली दाखविणाऱ्या खिडकींत 'एक्स्टेन्शन' दाखविण्याची खूण करून ठेवली कीं हा बुरखा फाटतो. प्रेमपत्राची जागा आतां लग्नपत्रिकेनें घेतली आहे, आणि ती संगणकावर न येतां मोबाइलवर येते. ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या मराठवाड्यांतील हिंगोली येथें एका सरकारी कर्मचाऱ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचें निमंत्रण आलें. पत्रिका समजून त्यांनीं ती उघडली, ती निघाली 'एपीके' आडनांवाची फाइल, आणि त्यांच्या खात्यांतून सुमारें १ लाख ९० हजार रुपये गेले. एपीके ही मोबाइलवर सॉफ्टवेअर बसविणारी फाइल आहे. लग्नपत्रिका चित्राच्या किंवा पीडीएफच्या रूपानें येते, एपीकेच्या रूपानें कधींच नाहीं.

फाइलींची दुसरी प्रत हा खंडणीखोरावर एकमेव खात्रीचा उतारा. बाहेरची एक हार्ड डिस्क घेऊन दर पौर्णिमेस किंवा महिन्याच्या पहिल्या रविवारीं, जो दिवस लक्षांत राहील त्या दिवशीं, छायाचित्रें व कागदपत्रें तींत उतरवावीं, आणि मग ती डिस्क काढून कपाटांत ठेवावी. काढून ठेवणें हाच यांतील मर्म. जोडलेली डिस्क विषाणूला आपल्याइतकीच उघडी असते, आणि तो मूळ व प्रत दोहोंसहि एकदमच कुलूप घालतो.

मुलांविषयीं एक शब्द. घरांत विषाणु आला कीं पहिला आळ नातवावर येतो. कधीं तो खरा असतो. परंतु 'तुमच्या संगणकांत पांच विषाणु सांपडले आहेत, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' अशी लाल पाटी पाहून फोन करणारे बहुतेक वेळां आम्हां वृद्धांपैकींच असतात. कोणतीहि खरी कंपनी अशी पाटी झळकावून टेलिफोन करावयास सांगत नाहीं. पलीकडचा गोड बोलणारा गृहस्थ दुरून यंत्र चालविण्याचें सॉफ्टवेअर बसवावयास सांगतो, आणि तें बसविलें कीं आपलाच हात धरून तो आपल्या खात्यांत शिरतो. अशा सॉफ्टवेअरविषयीं रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच इशारा दिला होता. म्हणून कोणाच्याहि हातून टिचकी चुकीची पडली तरी ती त्याच घटकेस सांगतां यावी, असें घरांत वातावरण असावें. रागाच्या भयानें मुलगा दोन दिवस गप्प बसला, तर त्या दोन दिवसांत हेर आपलें काम उरकतो.

इतकें करूनहि बाधा झालीच तर प्रथम इंटरनेट तोडावें; जोडलेले पेनड्राइव्ह व डिस्क काढाव्या. डिफेंडरांत 'ऑफलाइन' तपासणी म्हणून एक सोय आहे. तींत विंडोज सुरू होण्यापूर्वींच झडती होते, त्यामुळें आधीं जागा होऊन बसणारा विषाणूहि सांपडूं शकतो. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें फेब्रुवारी २०१७ पासून 'सायबर स्वच्छता केंद्र' चालविलें आहे. तेथें विषाणु काढण्याचीं साधनें फुकट मिळतात. परवलीचे शब्द बदलावे ते बाधा झालेल्या यंत्रावरून नव्हे, दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून. नाहीं तर नवा शब्दहि हेराच्या वहींत जातो. खंडणी देऊं नये. दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाहीं. कुलूप लागलेल्या फाइली मात्र पुसून टाकूं नयेत, निराळ्या डिस्कवर जपून ठेवाव्या, कारण आज नसलेली किल्ली दोन वर्षांनीं सांपडल्याचीं उदाहरणें आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याच्या ६६ व्या कलमाखालीं असा अपराध करणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पांच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात, तेव्हां पोलिसांत तक्रार देण्यास लाजूं नये.

पैसे गेले असतील तर बँकेस कळवून लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसा एका खात्यांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत भराभर हलविला जातो. तो हलण्यापूर्वीं तक्रार नोंदली गेली तर वाटेंत थांबवितां येतो. हा क्रमांक त्या वेळीं इंटरनेटवर शोधीत बसूं नये, कारण तेथें भामट्यांनीं मदतीचे खोटे क्रमांकहि पसरून ठेवलेले असतात. तो आजच भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, गॅसवाल्याच्या व डॉक्टरांच्या क्रमांकांशेजारीं, शाईनें लिहून ठेवावा.